डायनोसॉरच्या उंचीची काठी

मित्रांनो, टीव्हीवरची ती डायनोसॉरांची मालिका तुम्ही डोळे फाडफाडून पाहिली असेल, पण मला पाहिलेलं नसणार. मी एक जुनी लाकडी काठी आहे. त्या मालिकेतल्या लांब मानेच्या डायनोसॉर आईच्या जागी मी उभी राहत असे.

डायनोसॉर काही शूटिंगला येत नाहीत. आधी रिकाम्या माळाचं, रिकाम्या तळ्याचं चित्रण करतात आणि प्राणी मागाहून कॉम्प्युटरवर तयार करून त्यात बसवतात. पण प्राण्याचा डोळा नेमका कुठे येणार, हे कॅमेरावाल्याला कसं कळावं? त्यासाठी सुतारकाकांनी मला घडवलं. साडेआठ हात उंची, अंगावर लाल-पांढरे पट्टे आणि डोक्यावर पिवळा चेंडू. तो चेंडू म्हणजे आईचा डोळा. काका मला एका हाताने उभी धरत आणि पिल्लाचा डोळा म्हणून दुसऱ्या हातात स्वतःची टोपी धरत. त्या टोपीची ऐट माझ्यापेक्षा जास्त होती!

माझी उंची ठरवली होती हाडांच्या अभ्यासक असलेल्या बाईंनी. सगळे त्यांना ‘हाडबाई’ म्हणत आणि त्याही हसून ओ देत. जमिनीतून निघालेली मानेची हाडं ओळीने मांडून त्यांनी हिशेब केला होता. एवढं मोठं काम त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं. रोज सकाळी त्या टेप लावून मला मोजत आणि समाधानाने थोपटत. त्या थोपटण्याने माझी छाती फुगायची.

तळ्याकाठचा भाग शूट होऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी बाई पडलेल्या चेहऱ्याने आल्या. रात्री त्यांनी हाडं पुन्हा तपासली होती. मानेतलं एक हाड त्या प्राण्याचं नव्हतंच. ते शेजारी पुरल्या गेलेल्या दुसऱ्या, मोठ्या प्राण्याचं होतं. मान उगाच लांब झाली होती आणि मी दीड हात जास्त उंच होते.

दिग्दर्शकांनी कपाळावर हात मारला. “आता सांगताय? अख्खा भाग शूट झालाय!”

“काल रात्री कळलं, म्हणून आज सांगतेय.”

“अहो, पण कुणाला कळणारेय? त्या काळचा कोण साक्षीदार येणार आहे तक्रार करायला?”

“मला कळलंय ना,” बाई म्हणाल्या. “उंची बदलायची नसेल, तर मालिकेतून माझं नाव काढा.”

एकदा नाव निघालं की अशा कामाला त्यांना पुन्हा कोण बोलावणार होतं? खरं सांगते मित्रांनो, मला मात्र त्या वेळी त्यांचा रागच आला. स्वतःची चूक आणि कापायचं मला! मी मनातल्या मनात म्हटलं, गप्प बसल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

तेवढ्यात सुतारकाका कानामागे पेन्सिल खोचून, हातात करवत घेऊन आले. दिग्दर्शकांना काही न विचारता त्यांनी मला आडवी केली आणि म्हणाले, “बाई, खूण करून द्या. कुठं कापू?”

दिग्दर्शक कॅमेऱ्याच्या पेटीवर मटकन बसले. करवतीकडे बघत म्हणाले, “कापा. पण दोनदा मोजा बाबांनो, आता पुन्हा चूक नको.”

माझा पायाकडचा दीड हात गेला. आम्ही तळ्याकाठी परत गेलो. आधी तिथे कॅमेऱ्यात आई घेतली की पिल्लू बाहेर जाई आणि पिल्लू घेतलं की आईचं डोकं छाटलं जाई. मागे सरकावं तर तळं! या वेळी कॅमेरावाल्याने डोळा लावला आणि तो ओरडलाच, “अहो, दोघं मावली की!” काकांनी मला थोडी झुकवली, टोपी वर धरली आणि आई पिल्लाकडे बघू लागली. दिग्दर्शकांनी उठून बाईंना आपली खुर्ची दिली.

पुढे कॉम्प्युटरवाल्यांनी मला चित्रातून अलगद पुसून टाकलं. तेच माझं काम होतं. पण तळ्याकाठचा तो प्रसंग घराघरांत आवडला. लहान मुलं त्या आईच्या डोळ्यांकडे टक लावून बघत. तिथे मी उभी होते, एवढं मला पुरेसं आहे. मालिकेच्या शेवटी बाईंचं नावही आलं.

मग मी अडगळीच्या खोलीत पडले. कुणी माझ्याने जळमटं काढली, कुणी उंचावरची खिडकी ढकलली. चेंडू कधी हरवला, कळलंही नाही.

परवा दार उघडलं. केस पिकलेल्या हाडबाई आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आल्या होत्या. त्यांनी मला उभी केली आणि पिशवीतून एक लाल-पांढरा तुकडा काढला. तो माझाच होता! इतकी वर्षं त्यांनी तो टेबलावर ठेवला होता. तो माझ्या पायाखाली लावून त्या म्हणाल्या, “बघा, एवढी चुकले होते मी.”

क्षणभर मी पुन्हा साडेआठ हात झाले. मग त्यांनी तुकडा काढून घेतला आणि मला पूर्वीसारखं थोपटलं. त्यांच्यावर रागावल्याची मला लाज वाटली आणि त्या तेव्हा गप्प बसल्या नाहीत म्हणून मी मनोमन त्यांचे आभार मानले.

मित्रांनो, माझे पट्टे आता उडाले आहेत. कधी इकडे आलात तर धूळ झटका आणि वाटलं तर रंगही द्या. फक्त माझं खालचं, करवतीने कापलेलं टोक तेवढं रंगवू नका.