तीन टूल्स आणि जयाताई

मॅनेजर सार्थकने आपल्या काचेच्या खोलीचं दार लावून घेतलं तेव्हाच दशरथला कळलं की काहीतरी बिनसलं आहे. रागवायचं असलं तर सार्थक दार उघडं ठेवी. गोड बोलायचं असलं की लावून घेई.

"सर, तुम्ही आपल्याकडचे सगळ्यात सीनियर टेस्टर," तो म्हणाला. "ऑटोमेशनसाठी तीन टूल्स निवडलीयेत. वेबसाइट आणि मोबाईल अ‍ॅप, दोन्हींवर चालवून कम्पेअर करा. महिनाअखेर मला एक नाव द्या."

"आणि जयाताईंचं काम?"

"तेच तर. पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये एक तर ऑटोमेशन बसतं, नाही तर जया मॅडमचं कॉन्ट्रॅक्ट. पण टूल्स आपल्या कामाची नाहीत असं तुम्ही लिहून दिलंत, तर मॅडम आहेतच की. सगळं तुमच्या हातात आहे."

दशरथच्या हातात आजवर कुणी काही दिलं नव्हतं.

हडपसरच्या त्या कंपनीचं अ‍ॅप साधं होतं. रक्त तपासायचं असलं की लोक त्यावर वेळ घेत आणि प्रयोगशाळेचा माणूस सकाळी घरी येऊन नमुना घेऊन जाई. अ‍ॅपची नवी आवृत्ती आली की वेबसाइट दशरथ तपासायचा आणि मोबाईल जया, सगळं हाताने; हेच काम टूल आपोआप करणार होतं. सत्तावन्नाव्या वर्षी दशरथला या कामातलं पुष्कळ कळत होतं, पण आपल्याला कळतं यावर त्याचा विश्वास नव्हता. लिफ्ट बंद पडली तरी आपणच बटण चुकीचं दाबलं असेल असं त्याला वाटे.

जयाचं उलट. ती फुरसुंगीची. सासऱ्यांच्या शेतावर इमारती उभ्या राहिल्यावर नोकरीला लागलेली. कंपनीने दिलेले नवे फोन ती तपासायचीच, पण नणंदेचा एक जुना, लहान पडद्याचा फोनही जवळ बाळगायची. ओल्या बोटाने, एका हाताने, कधी बसमध्ये उभी राहून अ‍ॅप चालवायची. "रक्त द्यायला उपाशी बसलेली म्हातारी काय एसीत बसून दोन्ही हातांनी फोन धरती का?" असं म्हणायची.

दशरथने तिला सगळं सांगून टाकलं. तिने नणंदेचा फोन पुसून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे तीन नवरदेव बघायचेत, आणि पसंत पडला की घरातून मी बाहेर."

"तुमच्या हाताचं कामही तक्त्याच्या चौथ्या रकान्यात मांडायचंय. सार्थकने सांगितलंय."

"मला पण रकान्यात बसवलं व्हय? बसते. वजन तेवढं करू नका."

पहिलं टूल फुकट होतं. ते ब्राउझरमध्ये उत्तम चाले, पण प्रत्येक गोष्ट कोड लिहून सांगावी लागे आणि मोबाईल अ‍ॅपला ते हात लावत नसे. जयाने त्याचं नाव मास्तर ठेवलं. दुसरं वेब आणि मोबाईल दोन्हींवर चाले, पण बटणाची जागा जरा बदलली की अडून बसे. ते रुसूबाई. तिसरं टूल परदेशी कंपनीचं. त्याला कोड लागत नव्हता. आपण एकदा करून दाखवायचं, ते त्याचं रेकॉर्डिंग करून घेई आणि तसंच करत राही. शिवाय बटण हललं, नाव बदललं, तरी ते स्वतःच शोधून पुढे जाई. सगळ्या चाचण्यांपुढे हिरवी खूण उमटे. "हा जावई," जया म्हणाली. "ह्याला चुकलास म्हणायची सोय न्हाई."

दशरथला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात अ‍ॅपची नवी आवृत्ती आली. तिच्यात 'वेळ बदला' हे बटण पडद्यावरून काढून कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांच्या मेनूत टाकलं होतं. मास्तर वेबसाइटवर अडला, रुसूबाई दोन्हीकडे रुसली. जावयाने सगळं हिरवं दाखवलं. दशरथ तिसऱ्या टूलपुढे चांगले गुण लिहीत होता, इतक्यात टेबलावर वायरीने जोडलेल्या फोनकडे बघत बसलेली जया ओरडली.

"सर, हिकडं या. ह्यानं 'वेळ बदला' नाही दाबलं. 'नोंदणी रद्द करा' दाबलं."

"असं कसं होईल? खूण हिरवी आहे."

"खूण असू दे. परत चालवा."

त्याने परत चालवलं. टूलचं अदृश्य बोट पडद्यावर फिरलं, 'वेळ बदला' सापडलं नाही, म्हणून शेजारच्या 'नोंदणी रद्द करा'वर टेकलं. 'आपली विनंती स्वीकारली आहे' अशी पट्टी आली. दोन्ही बटणांना अ‍ॅप तीच पट्टी दाखवायचं. टूलला तेवढंच हवं होतं.

"लिहा आता," जया म्हणाली. "रुग्णाची वेळ बदलायच्या ऐवजी नाव काढून टाकतंय आणि वर पास म्हणतंय. ह्याच्यापेक्षा मोठी चूक कुठली?"

दशरथने मान हलवली, पण पेन उचललं नाही. चाचणी त्यानेच टूलला करून दाखवली होती. शेवटी फक्त पट्टी बघ, एवढंच त्याने शिकवलं होतं. चूक टूलची की शिकवणाऱ्याची? त्याने टूल विकणाऱ्या कंपनीच्या अपूर्वाला व्हिडिओ कॉल लावला.

"सर, आमचे एवढे क्लायंट्स आहेत, असा इश्यू कुणीच रिपोर्ट केलेला नाही," ती हसून म्हणाली. "रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी मिस झालं असेल. पहिल्यांदा वापरताना होतं असं. डोन्ट वरी."

कॉल संपल्यावर जया म्हणाली, "तिनं हे बघितलं तरी का? तुम्ही आणि मी बघितलं."

"पण जयाताई, एवढे लोक वापरतात. मीच चुकलो असलो तर? उद्या सगळ्यांसमोर हसं होईल."

"हसतील. मग?"

दशरथने आता पेन उचललं. अहवालात त्याने लिहिलं: 'एका चाचणीत तिसऱ्या टूलने अपेक्षेपेक्षा वेगळं बटण दाबल्यासारखं दिसलं. तथापि ही माझ्या रेकॉर्डिंगमधली त्रुटी असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' लिहिताना आपण दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडत आहोत असंच त्याला वाटत होतं.

बैठकीत सार्थकने तक्ता पडद्यावर लावला. तिसऱ्या टूलचा रकाना हिरवागार होता. जयाच्या रकान्यात वेळ सगळ्यात जास्त आणि नापास चाचण्याही सगळ्यात जास्त, बऱ्याचशा तिच्या त्या जुन्या फोनवरच्या.

"मॅडमना इतके फेल्युअर कसे काय मिळाले, जे टूलला नाही मिळाले?" वरचे एक साहेब म्हणाले. "फोन बदला त्यांचा." दोघे-तिघे हसले.

"सर, ते वेगळ्या बटणाचं काय आहे?" सार्थकने दशरथला विचारलं.

दशरथ उभा राहिला. जया टेबलाच्या टोकाला बसून त्याच्याकडे बघत होती.

"तसं... एकदा दिसलं होतं. दोनदा. पण माझं रेकॉर्डिंग... अगदी खात्रीने नाही सांगता येणार."

"मग सोडून देऊ," सार्थक म्हणाला.

तिसरं टूल घ्यायचं ठरलं. जयाचे शेवटचे दिवस आपल्या चाचण्या टूलला करून दाखवण्यात गेले. ती एकेक पायरी सावकाश करायची आणि टूल ती टिपून घ्यायचं. दशरथशी ती पूर्वीसारखीच बोलायची, फक्त टोपणनावं घेईनाशी झाली. निरोपाला केक कापला गेला. आपला तुकडा तिने तसाच ठेवला आणि सगळ्यांच्या आधी निघून गेली.

पुढचे दोन महिने सगळं हिरवं होतं. मग खडकवासल्याहून एक तक्रार आली. घरी अचानक पाहुणे येणार म्हणून एका मधुमेही बाईंना सकाळची वेळ पुढे ढकलायची होती. त्यांच्या लहान फोनवर तीन ठिपक्यांचा मेनू उघडेचना. खूप खटपट करून, जुनी वेळ रद्द झाली की नवी मिळेल या आशेने त्यांनी पडद्यावर दिसणारं 'नोंदणी रद्द करा' हे बटण दाबलं, आणि विनंती स्वीकारल्याची पट्टी आली. वेळ बदलली असं समजून त्या दुपारपर्यंत उपाशी बसून राहिल्या. कुणी आलं नाही. शेवटी चक्कर येऊन पडल्या, कपाळाला टाके पडले.

त्या दिवशी दशरथ जेवायला उठला नाही. आपलं रेकॉर्डिंग बाजूला ठेवून त्याने अपूर्वाच्या कंपनीने अगदी सुरुवातीला याच अ‍ॅपवर स्वतः बनवून दिलेली नमुना चाचणी काढली. तिच्यात त्याचा हात कुठेच नव्हता. ती चालवली. अदृश्य बोट फिरलं, थांबलं आणि 'नोंदणी रद्द करा'वर टेकलं. खूण हिरवी.

तो सार्थककडे गेला. या वेळी दार उघडंच होतं.

"माझी चूक नव्हती," दशरथ म्हणाला. "टूलच चुकतंय. तेव्हाही चुकत होतं."

सार्थकने कपाळ चोळलं. "सर, वर्षभराचं लायसन्स घेऊन झालंय. आता मी वर काय सांगू? असं करा, टूल पास म्हणालं की तुम्ही एकदा हाताने बघत जा. मोबाईलपण."

"ते जयाताईंचं काम होतं."

"हो ना. म्हणून तर तुम्हालाच सांगतोय."

संध्याकाळी कर्वेनगरला परतताना बसमधून उतरून तो थांब्यावरच उभा राहिला आणि जयाला फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. ती आता मगरपट्ट्याजवळ एका खानावळीत गल्ल्यावर बसत होती. त्याने सगळं सांगितलं. खडकवासल्याच्या बाईंचंही.

"त्या बाई बऱ्या हायेत का?"

"आहेत. टाके आहेत अजून, पण घरी आल्या."

"बरं झालं."

"तेव्हा मला खात्री नव्हती, जयाताई. माझ्या डोळ्यांवर माझा कधीच विश्वास नसतो, तुम्हाला ठाऊक आहे."

पलीकडे कुणीतरी दोन थाळ्या सांगितल्या. तिने त्या आत ओरडून सांगितल्या आणि मग परत फोनवर आली.

"तुमच्या डोळ्यांचं राहू द्या, सर. मी पण बघितलं होतं ना? मला खात्री होती. तुमच्यासमोर बोलले होते. मग माझ्या डोळ्यांवर का नाही ठेवलात विश्वास?"

स्वतःवर संशय घेणं हा आपला साधेपणा आहे असं दशरथ जन्मभर समजत आला होता. त्या संशयात त्याने आणखी कुणाला ओढलं असेल हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

"ठेवते," जया म्हणाली. "गिऱ्हाईक उभं हाय."

फोन बंद झाला. पाठीमागे दुसरी बस आली, माणसं उतरली आणि त्याला वळसा घालून निघून गेली.