टिल्लूच्या व्हिडिओखाली

टिल्लू सहा फूट दोन इंच उंच होता, लहान मुलांचा डॉक्टर होता आणि त्याला टिल्लू म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं. आई. घरात म्हणाली असती तर चाललं असतं, पण ही माउली म्हणायची ती, आईबापांसाठी तो इंटरनेटवर टाकायचा त्या व्हिडिओंखाली, अडीच हजार लोकांसमोर.

व्हिडिओत पांढरा कोट, मागे पुस्तकांचं कपाट आणि तोंडी एकेक शब्द असा, की ऐकणाऱ्यानं शब्दकोश घेऊन बसावं. दहा मिनिटांत खाली आईची कमेंट हजर. "टिल्लू, एवढं चऱ्हाट कशाला? बायांनो, जुलाब होत असतील तर बाळाला लघवी नेहमीसारखी होतेय ना, तेवढं बघा. सहा तासांत झाली नाही तर डॉक्टरकडे पळा." चौतीस वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स होती ती. निवृत्त झाली, पण गप्प बसायला काही शिकली नाही. तिला बोलणार कोण? आपलेच दात, आपलेच ओठ.

अशात मोठ्या बालरुग्णालयात एक जागा निघाली. वॉर्ड सांभाळायचा आणि आईबापांसाठी व्हिडिओही करायचे. टिल्लूला ती नोकरी इतकी हवी होती, की उघडून उघडून मुलाखतीच्या पत्राची घडी फाटायला आली. पत्रात शेवटी लिहिलं होतं, 'आपले व्हिडिओ मुलाखतीत पाहिले जातील.' व्हिडिओ म्हणजे खालच्या कमेंटही आल्याच.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी चहा पिता पिता त्यानं आईच्या सगळ्या कमेंट पुसून टाकल्या. मोजून त्रेसष्ट. आई तेव्हा घरभर चष्मा शोधत होती आणि चष्मा तिच्या डोक्यावर होता. काखेत कळसा नि गावाला वळसा.

"घाबरू नकोस रे," ती म्हणाली. "तुझ्याएवढा उंच डॉक्टर त्यांना मिळायचा नाही."

टिल्लूला मनातून फार वाईट वाटलं. पण गरजवंताला अक्कल नसते.

मुलाखत घ्यायला विभागाच्या प्रमुख बाई एकट्याच होत्या. त्यांनी टेबलावरच्या कॉम्प्युटरवर तापाच्या औषधाचा व्हिडिओ लावला. पडद्यावरचा टिल्लू रुबाबात म्हणाला, "सांगितलेलं औषध एक चमचा द्यावं."

"कुठला चमचा?" बाईंनी विचारलं.

टिल्लूनं उगाच खुर्ची पुढे ओढली.

"याखाली एक कमेंट होती. गेल्या आठवड्यात मी स्वतः वाचली. कुठे गेली?"

काहीतरी बिघाड झाला असेल, असं तो म्हणणार होता. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. टिंग. तो बंद करायला हात घालतो तोच पुन्हा टिंग. बाईंनी पान पुन्हा उघडलं आणि मोठ्यानं वाचलं.

"'टिल्लू, माझं लिहिलेलं सगळं गेलं बघ. फोन बिघडला वाटतं. तुझी मुलाखत आहे, म्हणून पुन्हा लिहून काढतेय. बायांनो, घरातला चमचा घेऊ नका, कुठला लहान असतो, कुठला मोठा. बाटलीबरोबर माप येतं, त्यानंच द्या.' टिल्लू कोण?"

"मी," टिल्लू म्हणाला. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "फोन बिघडला नाही. आज सकाळी मीच पुसलं. ती माझी आई, नर्स होती. मला लाज वाटायची. चमच्याची चूक माझी, ती बरोबर होती."

"पुसताना वाचलंत?"

"नाही."

"वॉर्डात नर्सनं टोकलं तर ऐकाल?"

"ऐकेन."

"आज सकाळपर्यंत तर ऐकत नव्हतात."

"हो. आज सकाळपर्यंत."

बाई पहिल्यांदाच हसल्या. खिशात फोन टिंग टिंग करतच होता.

तो घरी आला तेव्हा आई फोन नाकाशी धरून एका बोटानं टाइप करत होती. "एक्केचाळीस झाल्या," ती म्हणाली. "बावीस राहिल्यात."

"आई, फोन बिघडला नव्हता. मी पुसल्या."

आईचं बोट थांबलं. तिनं चष्मा काढला. "माझी लाज वाटली?"

"हो. आता माझी मलाच वाटतेय."

तिनं चष्मा पदरानं पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, "नोकरीचं काय झालं?"

"मिळाली. पण एक अट आहे. पहिला व्हिडिओ चमच्याचा करायचा आणि त्यात माप तू धरायचंस."

"मी? कॅमेऱ्यासमोर? काहीतरीच तुझं!" असं म्हणत आई उठली ती थेट आरशापुढे. केस विंचरले, साडी बदलली, आणि माप हातात घेऊन लेकाशेजारी उभी राहिली.

टिल्लूनं बटण दाबलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "नमस्कार. मागच्या वेळी माझं चुकलं होतं."

"थांब," आई म्हणाली. "आधी जरा खाली वाक. मी दिसत नाहीये."