फरशी कोरडी धरू

साहेबांनी "निष्काळजीपणा" हा शब्द तिसऱ्यांदा उच्चारला आणि ताईच्या डोक्यात तिडीक गेली. ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. पुराव्याशिवाय बोलणाऱ्याला ती वर्गात उभं करायची. इथे गोदामाचे साहेब खुर्चीत रेलून बसलेले, आणि तिचा धाकटा भाऊ दाराशी मान खाली घालून उभा.

धाकटा गोदामात विंच चालवायचा. इंजिनावर तारेचा दोर गुंडाळत जड लाकडी खोकी फरशीवरून दारापर्यंत ओढून आणायची, हे त्याचं काम. परवा असंच एक खोकं सुसाट आलं आणि पुढे वाट मोकळी करत चालणाऱ्या ढोल्याच्या पायावर गेलं. ढोल्या म्हणजे धाकट्याचा जिवाभावाचा मित्र. पाय राहील की नाही, डॉक्टरही सांगत नव्हते. साहेबांनी मात्र निकाल लावून टाकला होता: पोराला मस्ती आली, त्याने विंच पळवला. चौकशीच्या कागदावर एवढं उमटलं की नोकरी गेली, वर पोलिसांत तक्रार.

"कॅमेऱ्यात दिसतंय, मॅडम," साहेब म्हणाले. "खोकं सेकंदाला दोन मीटर आलंय. आता यावर काय बोलणार?"

"बोलते ना."

ताई उठून भिंतीवरच्या फळ्यापाशी गेली. तिथे महिन्याचं उद्दिष्ट लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. तिने कोणाला विचारलं नाही, तळहाताने पुसून टाकलं.

"एक टनाचं खोकं, म्हणजे वजन दहा हजार न्यूटन. खाली सिमेंटची फरशी, घर्षण वजनाच्या निम्मं धरा. ओढायला पाच हजार न्यूटन बल लागलं. तुमच्या विंचची शक्ती तीन किलोवॅट, त्याच्या पाटीवरच लिहिलंय. शक्तीला बलाने भागलं की वेग येतो. सेकंदाला साठ सेंटिमीटर. याने विंचचा दांडा पार खाली दाबला, वर चढून नाचला, तरी खोकं त्याहून जोरात येणार नाही."

"पण आलं ना?"

"आलं. मग उलटं भागा. शक्ती तीच, वेग दोन मीटर. बल उरतं दीड हजार. म्हणजे घर्षण आधीच्या एक तृतीयांशाच्याही खाली गेलं. कोरड्या फरशीवर असं होत नाही. कोणीतरी ती निसरडी केली होती. त्याला शोधा. चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला देताय?"

साहेब तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत होते. ताईने वळून पाहिलं. धाकट्याचे कान लाल झाले होते. लहानपणी खिडकीची काच फोडून घरात यायचा तेव्हा असेच व्हायचे.

"साबणाचं पाणी होतं," तो म्हणाला. "मी ओतलं, ताई."

ताई फळ्यापासून दोन पावलं त्याच्याकडे आली.

"सगळेच ओततात, खोकं लवकर सरकतं म्हणून. परवा जरा जास्त पडलं. आणि कोरड्यावर दांडा पूर्ण दाबल्याशिवाय खोकं हलतच नाही, हाताला पहिल्यापासून तीच सवय. दाबला."

"काल घरी गणित मांडत होते तेव्हा सांगायला काय तोंड शिवलं होतं तुझं?"

"सांगत होतो. तू म्हणालीस, मध्ये बोलू नकोस, फरशी कोरडी धरू."

म्हणाली होती खरी. गणित सुटसुटीत व्हावं म्हणून इतकी वर्षं मुलांनाही ती असंच काही ना काही धरायला सांगत आली होती. तिला स्वतःचाच भयंकर संताप आला.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "चला, कबुली मिळाली. तुमचं गणित उत्तम आहे हो, मॅडम." आणि ते हसले.

ते हसायला नको होते.

"ते साबणाचं पिंप विंचला चिकटून का ठेवलंय?" ताईने विचारलं. "येताना पाहिलं मी. वर मगसुद्धा टांगलाय."

"फरशी धुवायला."

"खोकी जातात तेवढाच पट्टा धुता? बाकी गोदामात बोटभर धूळ आहे."

साहेबांचं हसू विरलं. धाकटा दारातून पुढे आला. त्याची मान आता वर होती.

"ढोल्याचा पाय माझ्यामुळे चिरडला, साहेब. पाणी मी ओतलं, दांडा मी दाबला, ते माझ्या नावावर लिहा. पण उद्दिष्ट वाढवलंत त्याच आठवड्यात पिंप तुम्ही आणवलंत. तेही लिहा. दोन्ही लिहिल्याशिवाय मी सही करणार नाही."

"तू बाहेर थांब."

तो जागचा हलला नाही.

ताईला वाटलं, याच्या एक मुस्कटात ठेवून द्यावी. ढोल्याच्या आईला आता काय तोंड दाखवायचं, हेही तिला कळत नव्हतं. तिने साहेबांच्या हातातलं पेन काढून घेतलं, चौकशीचा कागद आपल्याकडे ओढला आणि सगळ्यात वर लिहिलं: फरशी ओली होती.