तुसातली राख

ग्राफीन हा शब्द आमच्या घरात फक्त मीच उच्चारते, आणि हल्ली तोही दातओठ खाऊन. कार्बनचा एका अणूएवढ्या जाडीचा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. वीज साठवायला याच्यासारखी जागा नाही, पण हे पापुद्रे ओल्या पापडांसारखे एकमेकांना चिकटतात आणि ती जागाच जाते. म्हणून मी त्यांच्यामध्ये भाताच्या तुसाचा कोळसा घालते. सिद्धगडाच्या पायथ्याशी आमचं गाव, तिथे तुसाला तोटा नाही. या मिश्रणाचा इलेक्ट्रोड सुपरकपॅसिटरमध्ये बसवायचा. बॅटरी निवांत चार्ज होते. हा गडी क्षणात भरतो आणि क्षणात वीज देतो.

तुसाच्या पहिल्या पोत्याने कमाल केली होती. आकडे असे आले की कल्याणच्या कॉलेजातल्या आमच्या सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. नंतरची पोती मात्र मातीमोल निघाली. भट्टी तीच, तापमान तेच, हात माझेच. शेवटी सर म्हणाले, "अपेक्षा, एकदाच आलेला निकाल म्हणजे अफवा. होळीपर्यंत परत आणून दाखव, नाहीतर हा विषय सोड."

विषय सोडायचा म्हणजे इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. मला भयंकर राग आला, आणि राग आला की माझं डोकं जरा बरं चालतं. पोत्यापोत्यांत फरक काय, हे शोधत बसले. एकच सापडला. पहिलं पोतं पावसाळाभर घरी राहिलं होतं. पुढची सगळी माझ्या भावाने, रवींद्रने, गिरणीतून थेट मुरबाडच्या एसटीत चढवली होती. आईला फोन करून विचारलं, पहिल्यात काही मिसळलं होतंस का. ती म्हणाली, काय नाय. पण फोन फार घाईने ठेवला.

त्या पहिल्या पोत्यातलं थोडं तूस अजून घरी होतं. ते आणायला शनिवारी मुरबाडला उतरून जीप धरली आणि घर गाठलं. आई ओटीवर वालाला राख चोळत बसली होती. कीड लागू नये म्हणून आमच्याकडे वाल, उडीद राखेत घोळूनच ठेवतात. लहानपणापासून बघतेय मी हे, तरी त्या दिवशी पायरीवरच थबकले. चुलीच्या राखेत पोटॅश असतं. भट्टीत ते कोळशाला बारीक बारीक भोकं पाडतं, आणि भोकं जितकी जास्त तितकी विजेला जागा जास्त. हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतलेत!

"आये, तुसाला पण राख लावली होतीस?"

आईचा हात थांबला. "तूच बोललीस ना, जपून ठेव. मंग पोरीच्या शिक्षणाचं पोतं किडीला देऊ?" तिने पदर डोळ्यांना लावला. "माझ्या हातनं खराब झालं काय गो? तुझा फोन आला तवाच घाबरले. उरलेलं सगळं धुऊन टाकलंय."

खळ्यात खरंच ते वाळत पडलं होतं. पहिल्या पोत्याचं शिल्लक तूस, विहिरीवर नेऊन धुतलेलं, राखेचा कण म्हणून ठेवला नव्हता. ज्याच्यासाठी एवढी धावत आले तेच तिने चकाचक करून ठेवलं होतं. कपाळाला हात लावला आणि मग हसू आलं. यापेक्षा चांगली परीक्षा मला तरी मांडता आली नसती. तूस एकच, अर्धं असंच न्यायचं, अर्ध्याला पुन्हा राख लावायची.

आई काही केल्या तुसाला राख लावेना. "परत बिघडंल."

"बिघडू दे. माझ्यादेखत बिघडव."

कल्याणला दोन्ही वाटे एकाच भट्टीतून काढले. धुतलेलं तूस आपटलं. राखेचं पहिल्या आकड्यांच्या शेजारी जाऊन बसलं. सर म्हणाले, पुन्हा कर. केलं. म्हणाले, राखेचा काय भरवसा, बाटलीतलं पोटॅश घालून बघ. तेही केलं, आणि आकडे तिथेच आले. मग मात्र सरांनी, होळीला आठवडा असताना, विषय चालू ठेवण्याच्या कागदावर सही केली.

संध्याकाळी घरी फोन लावला. आईने तब्येतसुद्धा विचारली नाही.

"काय झालं गो? माझ्यामुळं नाय ना काय?"

"तुझ्यामुळंच," मी म्हटलं. "तुझ्यामुळंच जमलं, आये."

पलीकडे चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मंग उद्यापासून चुलीतली राख फेकत नाय."