साडेसत्त्याण्णव टक्के

जेवणाची सुट्टी सुरू होऊन पाच मिनिटं झाली, तरी एक्स-रेवाल्याने डबा उघडला नव्हता. दवाखान्याचं नेटवर्क सांभाळणाऱ्या बाईंच्या खुर्चीमागे उभा राहून तो पायाने फरशी ठोकत होता.

"ठोकू नका हो," बाई म्हणाल्या. "हे फाइल वाटायचे प्रोग्रॅम मी इथे उगाच बंद केलेत का? मागे एकाने सिनेमे उतरवायला लावले, तर तुमचे एक्स-रे डॉक्टरांच्या स्क्रीनवर पोचायला अर्धा तास लागायचा. माझ्या नावाने शंख कुणी केला होता?"

"मीच. कान पकडतो. पण हा सिनेमा नाही बाई, माझ्या बाबांचा आवाज आहे."

खरंच होतं ते. बाबा एके काळी रेडिओवर मुलांना गोष्टी सांगायचे. एकूण चाळीस. केंद्राने टेपा कधीच पुसून टाकल्या. एका श्रोत्याने घरी उतरवून घेतलेल्या तेवढ्या उरल्या, आणि त्या लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून तुकड्या-तुकड्याने घेत होते. बाबांकडे एकोणचाळीस आल्या होत्या, चाळिसावी वर्षानुवर्षं अडलेली. आणि तीन महिन्यांपूर्वी बाबांना झटका आला, वाचाच गेली. बोलायला शिकवणारी डॉक्टरीण म्हणाली, त्यांच्याच गोष्टी लावा, मध्ये थांबवा, पुढचा शब्द त्यांना म्हणू द्या. पण म्हातारा कसला हट्टी! गोष्ट लावली की तोंड फिरवायचे, आणि डाव्या हाताने स्क्रीनवर, किती टक्के उतरलं ते दाखवणाऱ्या अडलेल्या पट्टीवर टकटक करायचे. आधी ती आणा! लवकर शब्द फुटला नाही तर पुढे अवघड आहे, असं डॉक्टरणीने तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून एक्स-रेवाल्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

"घरचं नेट देणारी कंपनी हे प्रोग्रॅम दाबते," तो म्हणाला. "इथून उतरेल बघा."

"पाऊण तास देते. तेही लगाम घालून, रुग्णांची कामं अडता कामा नयेत."

बाईंनी बंदी उठवली. पट्टी पळायला लागली. त्याने तीनदा घड्याळ बघितलं, खिडकीशी गेला, परत आला. साठ. नव्वद. साडेसत्त्याण्णव. आणि तिथेच ठिय्या.

"परत बंद केलंत?"

"मी कशाला करू? दार सताड उघडं आहे. कंपनीला फुकट शिव्या घातल्यात तुम्ही. हे बघा, अकरा जण आहेत आणि अकराच्या अकरा इथेच अडलेत. पूर्ण कुणाकडेच नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

त्या खालच्या नोंदी वाचायला लागल्या. "ह्यात एक रीत असते. आपलं उतरलं की लगेच उठायचं नाही. घेतलं तेवढं तरी दुसऱ्यांना द्यायचं, मग बंद करायचं. इथे कुणीतरी शेण खाल्लंय. सहा वर्षांपूर्वी मूळ श्रोत्याने लिहिलंय, 'माझा कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजतोय. चाळीसही गोष्टी एकट्या बोक्याकडे पोचल्यात. बोक्या, बाबा रे, चालू ठेव.' आणि 'बोका' असं नाव घेतलेला हा माणूस दोन मिनिटांत पसार! लोकांनी जळू म्हणून उद्धार केलाय मेल्याचा."

एक्स-रेवाल्याचा पाय थांबला. बोका तोच होता.

सहा वर्षांपूर्वी बाबांशी कडाक्याचं भांडून तो भाड्याच्या खोलीत राहायला गेला होता. बोलणंचालणं बंद. तरी एका रविवारी चोरासारख्या सगळ्या गोष्टी उतरवल्या, आणि शंभर टक्के दिसताच प्रोग्रॅम बंद केला. उगाच आपलं नेट दुसऱ्यासाठी कशाला जाळा! दिवसभर ऐकल्या, ढसाढसा रडला. पुढे फुटबॉलचे सामने साठवायला जागा हवी म्हणून पुसूनही टाकल्या. घरी परतल्यावर हे बाबांना सांगायची लाज वाटली.

"आणि हा एक माणूस दरवर्षी लिहितोय," बाई म्हणाल्या. "'बोक्या, मी रागावलेलो नाही. थोडा वेळ दार उघड. ती गोष्ट मीच सांगितलेली, आणि माझ्याकडेच नाही. म्हातारा.'"

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो घरी पळाला. डबा बाईंच्या टेबलावरच राहिला.

बाबांच्या खोलीत कॉम्प्युटर चालूच होता. तो चपलांसकट आत गेला आणि पलंगाच्या कडेला बसला.

"बाबा, बोका मी होतो. तुमची गोष्ट होती माझ्याकडे. मी पुसली."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग हळूच तोंड भिंतीकडे वळवलं.

"मी सांगतो ना," तो घाईघाईने म्हणाला. "पाठ आहे मला. एका नदीकाठी एक म्हातारं कासव राहायचं. एक दिवस तिथे लांडगा आला..."

पलंगाच्या कठड्यावर टक.

"लांडगा आला आणि म्हणाला, कासवदादा..."

टक, टक, टक! बाबांनी तोंड इकडे वळवलं होतं. मानेच्या शिरा फुगल्या होत्या, ओठ वाकडे होत होते.

"को," बाबा म्हणाले. "को... ल्हा."

"काय?"

"कोल्हा!" बाबा ओरडले. आणि दम घेऊन, जोर लावून, "गा... ढवा!"

त्याला हसू आवरेना आणि रडूही. त्याने फोन काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि उशीवर ठेवला.

"बरं, कोल्हा आला," तो म्हणाला. "आणि काय म्हणाला?"