कोपऱ्यातली गाठ

कालव्याच्या मोरीच्या दाराचा कालचा खांब फाटला, तो त्यात कोरलेल्या चौकोनी भोकाच्या कोपऱ्यातच. सुताराच्या मुलानं लाकडाला शिव्या घातल्या. पण लाकडात खोट नव्हती, हे एकट्या म्हाताऱ्या सुताराला ठाऊक होतं. आता एकच खांब उरला होता. उद्या वरच्या तलावातून पाणी सुटणार. त्याआधी मोरीला पाणी अडवणारं दार बसलं नाही, तर खालची वीस घरं पाण्यात.

म्हातारा पडवीत भोकाचे कोपरे कोरायची काटकोनी पटाशी घेऊन बसला होता. बाकीच्या हत्यारांची धार तो नखावर ओळखायचा. हिची दोन पाती मात्र काटकोनात जुळलेली. त्या आतल्या कोपऱ्यात नख शिरत नाही. तिथं डोळेच लागतात. आणि त्याच्या डोळ्यांवर वर्षभर साय धरली होती. घरात त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं.

"मामंजी, मोरीवरून दुसऱ्यांदा निरोप आलाय. पटाशी मागतायत," सून म्हणाली.

"देतो म्हणावं! धार लावतोय, गवत कापत नाही."

"दगड उलटा धरलाय तुम्ही."

म्हातारा गार पडला. "कधी कळलं तुला?"

"परवा कोंबडीला 'बाळा, इकडं ये' म्हणालात तेव्हा."

त्याला हसू आलं नाही. "पोराला सांगशील?"

तिनं बाहीला खोचलेली सुई काढून त्याच्या हातात दिली. "आधी हिनं कोपरा बघा."

त्यानं सुईचं टोक कोपऱ्यातून ओढलं, ते धारेपाशी अडलं. पुन्हा ओढलं. तिथंच अडलं.

"लोखंडाची गाठ राहिलीय," तो पुटपुटला. "दगडाची कड झिजून गोल झाली, कोपऱ्यात पोचलीच नाही. ती गाठ पाचरीसारखी लाकडात घुसली. खांब मीच फाडला गं."

त्यानं आधी खडबडीत फरशीवर दगडाचीच कड घासून धारदार केली, मग कोपरा घासला. सुई सरळ निघाली तशी सून पटाशी घेऊन धावली.

मोरीकडून ठोके ऐकू येऊ लागले. प्रत्येक ठोक्याला म्हातारा अंग चोरत होता. मग ठोके थांबले. त्यानं दगड मुठीत आवळला.

"आबा, बसलं दार!" मुलगा ओरडतच आला, मागोमाग सून. "तुमच्यासारखी नजर कुणाची नाही बघा. उद्यापासून लाकडावरची आखणीसुद्धा तुम्हीच करायची."

म्हाताऱ्यानं सुनेच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"आखणीला मीपण येते," सून घाईनं म्हणाली. "दोरी धरायला कुणीतरी लागेलच."