एम्रिसचा डोंगर

लतिका सबनीसने न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत बत्तीस वर्षं डोळ्यांची ऑपरेशनं केली आणि दोन वर्षांपूर्वी ती रिटायर झाली. शेजारी एम्रिस राहायचा. वेल्सचा चित्रकार, वय अठ्ठ्याहत्तर. अमेरिकन बायकोपायी न्यू जर्सीत आला, ती गेली तरी इथेच राहिला. रंगवले मात्र आयुष्यभर गावाकडचेच डोंगर. दर उन्हाळ्यात तिकडे जाऊन वह्या भरून स्केचेस आणायचा आणि वर्षभर गराजमध्ये उभा राहून रंगवायचा.

गेल्या हिवाळ्यात त्याला समोरचा माणूस दिसेनासा झाला. कडेकडेचं तेवढं दिसायचं. डोळ्यांत इंजेक्शनं झाली, उपयोग झाला नाही.

"अगं, सेकंड ओपिनियन घ्यायला सांग ना त्याला," लतिकाचा नवरा कुमार म्हणाला.

"चौथं झालं, कुमार. मीसुद्धा वेगळं काही सांगितलं नसतं."

मार्चमध्ये एम्रिसने तिला गराजमध्ये बोलावलं. ईझलवर मोठा कॅनव्हास होता.

"डॉक्टर, खरं सांगा. नदी कशी दिसतेय?"

नदी काठ सोडून डोंगराच्या अंगावर चढली होती. लतिकाने तसं सांगितलं. तो ब्रश घेऊन म्हणाला, "माझा हात धरा. काठापाशी न्या."

तिने त्याचं मनगट धरलं. ऑपरेशनमध्ये कधी न थरथरलेला तिचा हात. पण एम्रिसला हवी असलेली रेघ तिला ठाऊकच नव्हती. हिरव्यात पांढरा रंग फरफटत गेला.

"इथे?" त्याने विचारलं.

"नाही... थोडं खाली. सॉरी, एम्रिस."

"सोडा," तो हळूच म्हणाला. "तुम्ही तो डोंगर पाहिलाच नाहीये."

तरी तो थांबला नाही. त्याच कॅनव्हासवर रोज रंगावर रंग चढत गेले. एप्रिलअखेर डोंगर, नदी, आभाळ, सगळ्याचा राखाडी चिखल झाला. लतिका दुपारी सूप घेऊन जायची, रंगांच्या ट्यूबांवर जाड मार्करने नावं लिहून द्यायची. त्यापलीकडे तिला काही करता येत नव्हतं.

एके दिवशी रंगवता रंगवता त्याने विचारलं, "उतारावर ऊन आलंय का?"

पेशंटला खोटी आशा ती कधी दाखवत नसे.

"आलंय," ती म्हणाली.

एम्रिसने मान तिरकी करून, कडेच्या नजरेने तिचा चेहरा पाहिला.

"थँक यू, डॉक्टर," म्हणाला आणि ब्रश पुन्हा रंगात बुडवला. लतिका सूप गार होईपर्यंत तिथेच बसून राहिली.